ऊठ, मास्तर बसलाय

दुपारची जेवणं उरकली, की आमच्या समोरच्या खोलीत गौराक्का खाटेवर मांडी घालून बसते आणि मोठ्यानं विचारते, "दार उघडं हाय का?" मग स्वतःच उठते, खाटेसमोरच्या निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत जाऊन बसते, पदर सावरते, आवाज जरा जाड करते आणि सांगते, "व्हय, पण आत कुणीतरी खोकायलंय." परत उठते, खाटेवर येते आणि तोंडावर हात ठेवून घाबरते.

खोलीत दुसरं कुणी नसतं. विचारणारी तीच, सांगणारी तीच, घाबरणारीही तीच.

आता तुम्ही म्हणाल, बाईचं डोकं फिरलं. आम्हीपण तसंच म्हणालो. म्हणजे आधी मी म्हणाले, मग मी सगळ्या बिल्डिंगीला सांगितलं, म्हणून तेपण म्हणाले.

आमची बिल्डिंग सोलापुरात अक्कलकोट रोडला, कारखान्यांच्या जरा अलीकडं. माझं आणि गौराक्काचं दार समोरासमोर, मधे एवढीशी गॅलरी. गौराक्का अक्कलकोटच्या पलीकडची, कानडी मुलखातली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, सगळा जन्म चादरीच्या कारखान्यात काढला. मागावरनं चादर उतरली की ती उजेडाला धरून बघायची, सुटलेले धागे कापायचे आणि घडी घालायची. अजूनही तिच्या घरी गेलं तर बोलता बोलता ती माझा पदर हातात घेते, उजेडाला धरते आणि म्हणते, "कुटनं आणलीस ही? फसवलंय तुला."

ह्या खेळाचं खूळ तिच्या घरात आणलं ते तिच्या भाचीनं, अश्विनीनं. पोरगी इथं कॉलेजला होती, अक्काकडं राहायची. रविवार आला की तिचे मित्रमैत्रिणी यायचे, फरशीवर गोल करून बसायचे आणि असा ओरडा करायचे, "मार! पळ! मेला, मेला!" पहिल्या रविवारी मी हातात लाटणं घेऊन धावले. बघते तर पोरं फासे टाकतायत आणि गौराक्का स्टोपाशी शांतपणे भाकरी थापतीय. मला म्हणाली, "सुम्मन, गप बस, मालन. राक्षस आलाय."

खेळ असा, की प्रत्येकानं एकेक सोंग घ्यायचं. कुणी तलवारवाला, कुणी चोर, कुणी जादूगार. एक जण खेळ चालवणारा. त्याला पोरं मास्तर म्हणायची. मास्तर सांगणार, समोर गुहा आहे, आत अंधार आहे. पोरं सांगणार, आम्ही आत जातो. मग काय होतं ते फासा ठरवणार. पट नाही, सोंगट्या नाहीत, सगळं तोंडानं आणि मनातल्या मनात. गौराक्का भाकरी थापता थापता सगळं ऐकायची. मधेच म्हणायची, "आरं, त्या गुहेत जाऊ नका की, पलीकडनं वाट असंल," आणि मास्तर झालेलं पोरगं डोक्याला हात लावायचं, कारण वाट खरंच पलीकडनं असायची.

मग अश्विनीला बेंगळुरात नोकरी लागली. खेळाची पेटी, फासे नि नियमांच्या पुस्तकासकट, इथंच राहिली, "अक्का, नंतर नेते" म्हणून. ती काही आली नाही न्यायला. खोली अशी गप्प झाली, की माझ्या स्वयंपाकघरात मला गौराक्काच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. इथं दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट चालतो, तो आम्हाला ऐकू येत नाही. ते घड्याळ मात्र यायचं.

आणि एका दुपारी ऐकू आलं, "दार उघडं हाय का?"

झालं होतं असं, की दिवाळीच्या आवराआवरीत तिला ती पेटी सापडली. तिनं अश्विनीला फोन लावला, "मास्तर न्हाय, तर एकटीनं खेळायचं कसं ग?" पोरीनं सांगितलं, मास्तर नसला तरी चालतं. जे मास्तरला विचारायचं ते फाशाला विचारायचं. वीस तोंडांचा फासा. मोठा आकडा पडला तर होय, लहान पडला तर नाही, मधला पडला तर 'होय, पण', आणि त्या पणच्या पुढचं आपण रचायचं. वीस पडला तर सोनं. एक पडला तर सत्यानाश.

गौराक्कानं सगळं ऐकून घेतलं. फक्त एक बदल केला. खुर्ची मांडली. "एकाच जागंवर बसून विचारायचं आनि सांगायचं, ते काय बरं दिसतंय? मास्तरला मान नको?"

त्या खुर्चीत दुसऱ्या कुणी बसायचं नाही. मी एकदा चुकून टेकले, तर अशी ओरडली, "ऊठ, ऊठ! मास्तर बसलाय!" मी अशी टुणकन उठले, की गुडघेदुखी आहे हेच विसरले.

मी वेडबिड म्हणत होते ना, ते किती टिकलं सांगू? पुढच्या आठवड्यात मी तिच्या खाटेच्या कडेला बसून शेंगा खात विचारत होते, "मग? पुढं? त्या खोकणाऱ्याचं काय झालं?"

कारण काय रंगवायची हो ती! पुस्तकात म्हणे बर्फाचे डोंगर नि किल्ले असतात. गौराक्कानं बर्फ कधी बघितला नाही, त्यामुळं तिच्या डोंगरातही आपल्यासारखंच ऊन. "राक्षस घरात हाय का?" फासा. "व्हय, पण झोपलाय. दुपार हाय की." तिच्या रानात विहीर लागते. "पाणी हाय का?" फासा. खुर्चीत जाऊन, "व्हय, पण आज आपली पाळी न्हाय." मी हसून हसून खाटेवर आडवी.

तिच्या टोळीत माणसं तिघं, वर एक गाढव. रायव्वा तलवारवाली, ती सगळ्यांच्या पुढं. बुटका बसप्पा कुऱ्हाडवाला, त्याला सारखी भूक. आणि सामान वाहायला बाळू गाढव. पुस्तकात म्हणे अशा प्रवासात शिदोरी चार दिवसात खराब होते. गौराक्का त्या नियमावर लई चिडली. "कडक भाकरी कुटं खराब होतीय? महिना ऱ्हातीय. ह्येंनी खाल्ली तरी हाय का कधी?" म्हणून बाळूच्या पाठीवर कडक भाकरीची चवड आणि शेंगाचटणीचा डबा. पुस्तकात म्हणे दोरी घ्या, मशाल घ्या, अंथरूण घ्या. गौराक्कानं मशाल घेतली. बाकीचं म्हणे नको. "सोलापुरी चादर घेतली की दोन्ही आलं. पांघरा, न्हायतर गाठ मारून खाली सोडा."

टोळीतली तिसरी माझी लाडकी. जादूगारीण इंदुमती.

इंदुमतीकडं ना काठी, ना मंतरलेलं पाणी. तिची जादू तोंडात. ती बोलायला लागली की राक्षस आधी जांभई देतो, मग डुलायला लागतो, मग घोरतो. दही मागायला म्हणून एका गुहेत जाते, तिथं सगळ्या गुहांच्या बातम्या सांगते आणि दही न घेताच परत येते. चष्मा डोक्यावर ठेवते आणि रानभर शोधते. मी म्हटलं, "अक्का, ही तर हुबेहूब आमची नातेपुत्याची जाऊबाई ग! अशीच बडबडी. एकदा तिनं..." आणि मी तिला जाऊबाईची गोष्ट सांगितली, मग त्या जाऊबाईच्या बहिणीची. माझं संपेपर्यंत गौराक्का गालाला हात लावून ऐकत होती. मग म्हणाली, "असत्यात अशा बायका."

खेळ खेळता खेळता गौराक्काला फाशाची सवयच लागली. दूधवाला येणार का, फासा. लाइट जाणार का, फासा. बोलणंही तसंच झालं. "अक्का, चहा घेतेस?" "व्हय, पण कप भरून." "अक्का, बरं वाटतंय का?" "व्हय, पण गुडघा सोडून." बाजारात मेथीवाल्यानं विचारलं, मावशी, देऊ का जुडी? तर म्हणाली, "न्हाय, आनि वर तुजी मेथी शिळी हाय." तो माणूस अजून मला बघून तोंड फिरवतो. मी नुसती बरोबर होते हो!

एका बाबतीत मात्र बाई फार कडक. फासा पडला म्हणजे पडला.

बाळू गाढव गेलं तेव्हा मी समोर होते. लाकडी पूल, खाली नदी. "बाळू पलीकडं जातंय का?" खुर्चीत बसून फासा टाकला. एक. मी म्हटलं, "हात हलला तुझा. परत टाक."

"न्हाय."

"अग टाक की, बघतंय कोण?"

आता ती खाटेवर येऊन बसली होती. खुर्चीकडं बोट करून म्हणाली, "मास्तर बघतोय की."

"अग बये, मास्तर तूच आहेस!"

"आत्ता मी खाटेवर हाय."

बाळू गेलं. गौराक्कानं त्या संध्याकाळी चूल पेटवली नाही. गॅलरीच्या कठड्यावर गुळाचा खडा ठेवला. मुंग्यांनी नेला, तेव्हा कुठं तिला बरं वाटलं. मलाही घास गेला नाही, खोटं कशाला सांगू. म्हणजे गेला, पण उशिरा गेला.

हे असं आमचं मजेत चाललं होतं, आणि माझ्या संजयचा फोन आला. संजय माझा मुलगा, पुण्याला असतो. म्हणाला, "आई, आता एकटी राहू नकोस. खोली सोडून देऊ. सुट्टी मिळाली की येतो, कायमची घेऊन जातो." सून पण गोड बोलली. मी हो म्हटलं. आमचे हे गेल्यापासून तो मागं लागलाच होता, आणि मुलानं इतक्या प्रेमानं बोलावल्यावर आई नाही कसं म्हणणार? बॅगा काढल्या, वर्षानुवर्षं न वापरलेले डबे वाटून टाकले. सगळ्या बिल्डिंगीला सांगितलं. गौराक्काला शेवटी सांगितलं. का ते माहीत नाही.

ती चादरीची घडी घालत होती. ऐकलं, आणि घातलेली घडी मोडून परत घातली.

"पुण्यात जागा मोठी हाय का?"

"मोठी आहे. माझी वेगळी खोली आहे."

"मग बरंच की."

मी म्हटलं, "तू सगळं फाशाला विचारतेस. हेपण विचार की. पुण्यात मालनला करमणार का?"

तिनं फासा उचलला, पेटीत टाकला आणि झाकण लावलं. "तसलं फाशाला इचारायचं नसतंय."

त्यानंतर तिचा खेळ अवघड व्हायला लागला. टोळी एका मोठ्या भुयारात शिरली. भुयाराच्या टोकाला म्हणे सोन्याचं दार, आणि दाराच्या अलीकडं दरी. दरीवर अरुंद दगड, त्यावर शेवाळ. मी म्हणायची, "अक्का, दुसऱ्या वाटेनं ने ग ह्यांना." ती म्हणायची, "वाट एकच हाय." रोज दुपारी थोडं पुढं, रोज थोडं अवघड. एकदा वटवाघळं, एकदा मशालच विझली. माझं बॅगा भरणं अर्धं राहिलं. भांडी कागदात गुंडाळता गुंडाळता मनात दरीच. इंदुमती त्या शेवाळावरून कशी जाणार? तिला तर सपाट रस्त्यावर ठेच लागते!

संजय यायच्या आधीच्या दुपारी मी जेवणाचं ताट तसंच ठेवून समोर पळाले. गौराक्का खाटेवर ताठ बसलेली. कपाळावर घाम. पंखा फिरत होता, पण सोलापूरच्या उन्हात पंखा म्हणजे गरम वारा इकडून तिकडं.

"रायव्वा पलीकडं गेली," तिनं मला सांगितलं. "बसप्पाबी गेला. आता इंदुमती."

"सांभाळून ग!"

"पाय घसरतो का?" खुर्चीत गेली. फासा टाकला. "व्हय."

"अग्गं बाई!"

"पण," तिनं बोट वर केलं, "चादर धरलीय तिनं. एक टोक तिच्या हातात, एक टोक रायव्वाच्या. इंदुमती खाली लोंबकळायलीय."

"आणि बसप्पा?"

"बसप्पानं रायव्वाची कंबर धरलीय."

मी खाटेवरून पुढं सरकले, इतकी की पडायचीच बाकी. "ओढा की मग! ओढा!"

"आता चादरीवर हाय सगळं," गौराक्का म्हणाली. तिचा आवाज मास्तरचा राहिला नव्हता. "चादर टिकतीय का?"

फासा तिच्या मुठीत बराच वेळ राहिला. मग सुटला. फरशीवर टणटण करत गेला, खुर्चीच्या पायाला लागला, फिरला, आणि थांबला. मला लांबून आकडा दिसेना. चष्मा! चष्मा कुठाय? मी खाटेवर चाचपतीय, उशी उचलतीय, पदर झटकतीय. "किती पडला? अक्का, किती ग?"

"एक."

एक म्हणजे काय ते मला माहीत होतं. बाळूच्या वेळी बघितलं होतं. "गेली ग," मी म्हटलं, "गेली बिचारी इंदुमती."

गौराक्का खुर्चीतून उठली. फासा उचलला नाही. सावकाश खाटेवर आली, बसली, आणि त्या रिकाम्या खुर्चीकडं बोट करून तिनं जी तोफ डागली!

"ए मास्तर! चादरीतलं तुला काय कळतंय रे? सांग की! उभा धागा बघितलाईस? आडवा बघितलाईस? ह्या हातानं घडी घातल्याली चादर हाय ती. पोरं झोळीत झोपली त्या चादरीत, म्हातारी मान्सं ओडून न्हेली त्या चादरीवर. बैलानं ओडली तरी फाटत न्हाय. आनि तू म्हंतोस, एक बाई लोंबकळली म्हनून फाटली? इल्ला! म्या न्हाय ऐकत!"

मी तिच्याकडं बघतच राहिले. जी बाई गाढवासाठी फासा परत टाकायला तयार नव्हती, ती मास्तरशी भांडत होती. डोळे भरलेले. आणि ती खुर्चीकडं बघत नव्हतीच. माझ्याकडं बघत होती. माझ्या डोक्याकडं.

मी हात वर नेला. चष्मा डोक्यावर होता.

जाऊबाई कसली नि नातेपुतं कसलं! महिनोन् महिने मी त्या इंदुमतीला हसत होते. दही विसरणारी, बातम्या सांगत फिरणारी, राक्षसाला झोपवणारी. आणि ती आत्ता दरीत लोंबकळत होती, आणि ही बाई चादरीचं टोक सोडायला तयार नव्हती.

मी काही बोलले नाही. हो, मी! काही बोलले नाही.

गौराक्कानं डोळे पुसले. हळू म्हणाली, "पर म्या खाटेवर हाय. म्या सांगून चालत न्हाय. मास्तरनं सांगाया पायजे."

दोघी खुर्चीकडं बघत बसलो. बाहेर माग खडखडत होते. मला ऐकू येत होते.

"बस की," गौराक्का म्हणाली.

मी उठले. निळ्या खुर्चीत बसले. खुर्ची जरा डुगडुगते, हे मला तेव्हा कळलं. चष्मा नीट नाकावर ठेवला, पदर सावरला, आवाज जरा जाड केला.

"विचार," मी म्हटलं.

"चादर टिकतीय का?"

"होय."

तिचा चेहरा असा उजळला, काय सांगू! पण बाई नियमाची पक्की. मान तिरकी करून विचारते कशी, "व्हय, पण?"

"होय," मी म्हटलं, "पण वर आली की ती फार बोलणार."

"बोलू दे," गौराक्का म्हणाली. "बोलू दे तिला."

मग तिनं चहा टाकला. दोन कप, दोन्ही भरून. मी खुर्चीतच बसून राहिले, तिनं मला उठवलं नाही. चहा होतोय तोवर संजयचा फोन आला.

"आई, उद्या सकाळी निघतोय. आवरलं ना सगळं? खोलीचं नक्की सांगून टाकू ना मालकाला?"

"होय," मी म्हटलं, "पण..."

स्टोपाशी गौराक्काची पाठ होती. चहा ढवळणारा हात थांबला.

"पण काय, आई?"

आता पण म्हटलं की पुढचं आपण रचायचं असतं. मी रचायला लागले. आधी सांगितलं की ये तू, चार दिवस राहा, मीपण येईन अधूनमधून, पण खोली ठेवू या. मग का ते सांगितलं. मग गुडघ्याचं, मग पुण्याच्या पाण्याचं, मग बाळू गाढवाचं, मग दरी, शेवाळ, चादर. चहा आला, मी एका हातानं चहा पीत बोलत होते. मधेमधे संजय "अगं पण" म्हणायचा. मग नुसतं "हं" म्हणायला लागला. मग तेपण थांबलं. रात्रपाळी करून आलेला होता बिचारा.

मी फोन कानाला तसाच धरून म्हटलं, "संजय? ऐकतोयस ना?"

गौराक्का जवळ आली, फोनला कान लावला, आणि ओठांवर बोट ठेवून कुजबुजली,

"झोपलाय."